गादीचा वारस कोण? नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

पांडवलेणी, आनंदवल्ली आणि मालेगाव तालुक्यातलं कवळाणे. नाशिक जिल्ह्यातल्या या तिन्ही जागांचा राजगाद्यांशी थेट संबंध आहे. त्यांच्याबद्दल बोलायला बसलं की तारखा आणि लढाया बाजूला राहतात आणि गाडी हमखास वारशावर येते. कोणाचा हक्क होता, कोणाला मिळाला, कोणाचा डावलला? तेच ते प्रश्न फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवली आहेत. काही लांबली आहेत. तिथे विषयच तसा आहे.

राजा गेल्यावर पुढचा राजा कोण, हे ठरतं कशावरून?

रक्ताचं नातं, घराण्याचा रिवाज आणि मान्यता, या तीन गोष्टींवरून. पहिल्या दोन सगळ्यांना ठाऊक असतात. खरी मेख तिसरीत आहे. वारस जन्माने होतो, पण त्याला गादीवर बसवणारं कोणीतरी लागतं. तो ‘कोणीतरी’ प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. कुठे सेनापती, कुठे विधवा राणी, कुठे संसद, तर आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी चक्क इंग्रज सरकार. पुढची बहुतेक उत्तरं याच एका मुद्द्याभोवती फिरतात, हे आधीच सांगून ठेवतो.

रिवाजांचे प्रकार बरेच. थोरल्या मुलाकडे गादी जाणं हा सगळ्यात परिचयाचा. सौदी अरेबियात अब्दुल अझीझ १९५३ मध्ये वारले. तेव्हापासून राज्य त्यांच्या मुलांमध्येच, भावाकडून भावाकडे फिरत आलं. सौद, फैसल, खालिद, फहद, अब्दुल्ला आणि आता सलमान असे सहा भाऊ झाले. २०१५ मध्ये सलमान यांनी पुतण्याला युवराज केलं आणि ही रांग पुढच्या पिढीत उतरली. २०१७ मध्ये त्यांनी ते पद स्वतःच्या मुलाला, मोहम्मद बिन सलमान यांना दिलं. त्रावणकोरला गादी मुलाकडे न जाता बहिणीच्या मुलाकडे जायची. मलेशियात नऊ राज्यांचे सुलतान आपल्यातूनच पाच वर्षांसाठी देशाचा राजा निवडतात.

थोरला मुलगा हाच वारस, हा नियम सगळीकडे पहिल्यापासून होता का?

अजिबात नाही. मोगलांत थोरल्याला तसा पक्का हक्क नव्हता. शाहजहान १६५७ मध्ये आजारी पडला आणि दारा, शुजा, औरंगजेब, मुराद हे चौघे भाऊ एकमेकांवर चालून गेले. उस्मानी तुर्कांकडे तर नवा सुलतान भावांचा काटाच काढायचा. तिसऱ्या मेहमेदने १५९५ मध्ये गादीवर येताच १९ भाऊ मारवले. पुढे तुर्कांनी ही रीत सोडली आणि घराण्यातल्या वयाने सगळ्यात मोठ्या पुरुषाला बसवायला सुरुवात केली.

थोरल्याचा नियम न्याय्य आहे म्हणून रुजला, असं मला वाटत नाही. त्याचा फायदा एवढाच की वाद घालायला जागा उरत नाही. थोरला लायक निघेलच याची हमी कोणी देत नाही, पण तो कोण हे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं.

मुलींचं काय?

इथे गेल्या पन्नासेक वर्षांत बरंच बदललं. स्वीडनची गोष्ट सांगण्यासारखी आहे. राजकन्या व्हिक्टोरिया १९७७ ची, तिचा भाऊ कार्ल फिलिप मे १९७९ चा. तो जन्मला तो युवराज म्हणूनच. मग १ जानेवारी १९८० पासून कायदा बदलला, जो आधी जन्मला तो वारस ठरला, आणि सात महिन्यांच्या बाळाचं युवराजपद थोरल्या बहिणीकडे गेलं. राजाला, म्हणजे या मुलांच्या वडिलांना, ते फारसं रुचलं नव्हतं. पण संसदेपुढे त्यांचं काही चाललं नाही.

ब्रिटनने हा बदल २०१३ च्या कायद्याने केला आणि तो मार्च २०१५ मध्ये लागू झाला. २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्या मुलग्याला आता थोरल्या बहिणीच्या पुढे जाता येत नाही. त्यामुळे २०१८ मध्ये राजपुत्र लुईचा जन्म झाला तरी शार्लटचा नंबर हलला नाही. जुना नियम असता तर ती एक पायरी खाली आली असती. नेदरलँड, नॉर्वे, बेल्जियम, डेन्मार्क यांनीही मुलगा-मुलगी भेद काढून टाकला आहे. स्पेनमध्ये मात्र आजही भाऊ असेल तर तो बहिणीच्या पुढे. लिओनोरला फक्त एक धाकटी बहीण आहे, म्हणून ती वारस.

जपानचं घोडं अजून अडलेलं आहे. तिथे पूर्वी आठ स्त्रिया सम्राज्ञी होऊन गेल्या. पण १९४७ च्या राजघराणे कायद्यानुसार पुरुषाच्या वंशातला पुरुषच गादीवर बसू शकतो. सम्राट नारुहितोंना एकच मूल, मुलगी आयको, म्हणून वारसाची रांग सम्राटांच्या धाकट्या भावाकडे वळते. त्या भावाला २००६ मध्ये मुलगा झाला, तो राजघराण्यात ४१ वर्षांनी जन्मलेला पहिला मुलगा. त्याच्या जन्मापूर्वी मुलींना हक्क द्यावा अशी चर्चा सरकारी पातळीवर सुरू झाली होती. मुलगा झाला आणि चर्चा बारगळली. आपल्याकडे हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

राजा मुलाशिवाय गेला आणि राणी गरोदर असेल तर?

वारशाच्या सगळ्या इतिहासात सर्वांत जीव टांगणीला लावणारा प्रसंग हाच. अख्खं राज्य एका बाळंतपणाची वाट बघत बसतं.

इंग्लंडमध्ये १८३७ मध्ये चौथा विल्यम वारला आणि पुतणी व्हिक्टोरिया राणी झाली. पण तिच्या नावाच्या जाहीरनाम्यात एक वाक्य मुद्दाम घातलेलं होतं. विल्यमच्या विधवेला पुढेमागे मूल झालंच, तर त्याचा हक्क अबाधित राहील. तसं काही झालं नाही. आपल्याकडे मात्र एकदा नव्हे, दोनदा असा पेच खरोखर पडला.

पहिला पेच पुण्याचा. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा गंगाबाई गरोदर होत्या. नारायणरावांचे काका राघोबादादा यांनी पेशवाईची वस्त्रं घेतली, पण नाना फडणीस, सखारामबापू आणि बाकीच्या कारभाऱ्यांनी गंगाबाईंना पुरंदरावर नेलं आणि त्यांच्या पोटातल्या बाळाच्या नावाने कारभार सुरू केला. मुलगी झाली असती तर? या कारभाऱ्यांचा, म्हणजे बारभाईंचा, डाव तिथेच कोसळला असता. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला, आणि महिना-सव्वा महिन्याच्या सवाई माधवरावाला पेशवाईची वस्त्रं मिळाली.

दुसरा पेच बडोद्याचा. खंडेराव गायकवाड नोव्हेंबर १८७० मध्ये वारले, तेव्हा जमनाबाई गरोदर होत्या. खंडेरावांचे धाकटे भाऊ मल्हारराव तोवर पाद्र्याला कैदेत होते, भावाविरुद्ध कट केल्याच्या संशयावरून. त्यांना बाहेर काढून कारभार दिला, तोही अटीवर. मुलगा झाला तर गादी त्याची. जुलै १८७१ मध्ये जमनाबाईंना मुलगी झाली, ताराबाई. मल्हाररावांची गादी पक्की झाली. पुरंदरावर जे घडलं त्याच्या नेमकं उलट बडोद्यात घडलं, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच उभं राहिलं.

कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोर बडोद्याचा महाराजा झाला, हे खरं आहे का?

खरं आहे. फक्त तो कोणाचाही पोर नव्हता. कवळाण्याचे गायकवाड हे बडोद्याच्या मूळ घराण्याचीच दूरची शाखा. काशीराव गायकवाडांचं कुटुंब शेतीवर जगत होतं आणि बडोद्याच्या गादीशी त्यांचा काही संबंध येईल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांचा मुलगा गोपाळराव १८६३ मध्ये जन्मला.

तिकडे मल्हाररावांचा कारभार रसातळाला गेला. १८७४ मध्ये रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचे दरबारातले प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोगाचा प्रयत्न झाल्याचा आरोप आला आणि इंग्रजांनी चौकशी आयोग नेमला. आयोगात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सदस्य होते. हिंदी सदस्यांत ग्वाल्हेरचे शिंदे आणि जयपूरचे महाराजा हे दोन राजेच. आयोगाचं एकमत झालं नाही. मग सरकारने विषाचा मुद्दा बाजूला ठेवला, गैरकारभाराचं कारण पुढे केलं आणि एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना काढून टाकलं. नुसतं त्यांनाच नाही, त्यांच्या संततीचाही हक्क कायमचा बंद केला. हे नीट लक्षात घ्या. रक्ताचा हक्क एका सरकारी जाहीरनाम्याने संपला.

आता गादी रिकामी. जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. घराण्याच्या शाखांमधून मुलं शोधली गेली, त्यात कवळाण्याची भावंडं बडोद्याला नेली. ‘तुला इथे कशाला आणलं आहे?’ असं विचारल्यावर गोपाळने ‘राज्य करायला’ असं बेधडक उत्तर दिलं, ही गोष्ट तुम्ही ऐकलेली असणार. आख्यायिका म्हणून ती छान आहे. तिच्यावर भिस्त ठेवायची गरज नाही. निवड झाली ती घराण्याची शाखा, मुलाचं वय, जमनाबाईंची पसंती आणि सरकारची मान्यता या सगळ्यांचा मेळ बसला म्हणून. २७ मे १८७५ ला दत्तकविधान झालं, गोपाळरावाचा सयाजीराव झाला आणि पुढच्याच महिन्यात तो गादीवर बसला.

मुलगा बारा वर्षांचा. तोवर अक्षरओळखही धड झालेली नव्हती. दिवाण सर टी. माधवराव कारभार बघत होते आणि मुलाला मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू शिकवायची सोय झाली. डिसेंबर १८८१ मध्ये त्याला पूर्ण अधिकार मिळाले. याच माणसाने पुढे १९०६ मध्ये आपल्या संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. थोरल्या मुलाच्या नियमाने असा माणूस गादीपर्यंत पोचलाच नसता. म्हणून दत्तक ही नाइलाजाची सोय होती असं कोणी म्हटलं, की मी सयाजीरावांचं नाव पुढे करतो. कोल्हापूरचे शाहू महाराजही कागलच्या घाटग्यांकडून १८८४ मध्ये दत्तक आलेले, हे त्याच्या जोडीला.

एक शेपूट. सयाजीरावांचा थोरला मुलगा फत्तेसिंहराव १९०८ मध्येच वारला. म्हणून १९३९ मध्ये महाराज गेल्यावर गादी फत्तेसिंहरावाचा मुलगा प्रतापसिंहराव याच्याकडे आली. थोरला मुलगा आधी गेला तर त्याच्या जागी त्याचा मुलगा उभा राहतो, या तत्त्वाचं हे घरचंच उदाहरण.

दत्तक एवढा रूढ होता, मग इंग्रजांनी झाशीचा का नाकारला?

धर्मशास्त्राप्रमाणे औरस आणि दत्तक यांत गादीपुरता फरक नव्हता. तेव्हाचा गव्हर्नर जनरल डलहौसी याने मेख वेगळ्या ठिकाणी मारली. दत्तक खाजगी मालमत्तेचा वारस होईल, पण राज्याचा व्हायचा तर आमची मंजुरी हवी, असं तो म्हणाला. मंजुरी दिली नाही की राज्य खालसा.

पहिला बळी सातारा. १८४८ मध्ये शहाजीराजे उर्फ आप्पासाहेब यांनी मृत्युशय्येवर दत्तक घेतला, तो नाकारला. झाशीला गंगाधररावांनी २० नोव्हेंबर १८५३ ला दामोदररावाला दत्तक घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी ते वारले. १८५४ मध्ये झाशी खालसा झाली, त्याच वर्षी नागपूरही. दुसऱ्या बाजीरावाला वर्षाला आठ लाखांचा तनखा होता. १८५१ मध्ये तो गेल्यावर दत्तकपुत्र नानासाहेबाच्या तोंडाला पानं पुसली गेली. मग १८५७ उजाडलं.

आणि १८६२ मध्ये? इंग्रजांनीच संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा वाटल्या. म्हणजे १८५३ मध्ये जे बेकायदा, ते नऊ वर्षांत रीतसर झालं. ना शास्त्र बदललं ना रिवाज. सरकारची गरज बदलली. कवळाण्याच्या गोपाळला गादी मिळाली ती या नव्या काळात, वीस वर्षं आधी बडोदंही कदाचित साताऱ्याच्या वाटेने गेलं असतं.

आनंदवल्लीचे राघोबादादा खलनायक की डावललेले वारस?

गंगापूर रोडवरून जाताना हा प्रश्न निघाला नाही असं सहसा होत नाही. माझं मत सांगतो, तुम्ही ते मानलंच पाहिजे असं नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. पेशवा हा राजा नव्हे. राजा साताऱ्याचा छत्रपती. पेशवा हा प्रधान, आणि त्याची वस्त्रं साताऱ्याहून यायची. १७२० मध्ये बाळाजी विश्वनाथ गेल्यावर शाहू महाराजांनी विशीतल्या बाजीरावाला वस्त्रं दिली, तेव्हा दरबारात नाराजी होतीच. त्यानंतर नानासाहेब, मग माधवराव. तीन पिढ्या बापाकडून मुलाकडे पद गेलं आणि लोक त्याला गादी समजायला लागले. पण लिहिलेला नियम कुठेच नव्हता.

आता दादांच्या जागी उभे राहून बघा. १७६१ मध्ये पानिपतावर विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ गेले, पाठोपाठ नानासाहेब खचून गेले. घरात कर्तासवरता पुरुष एकच, नानासाहेबांचा सख्खा भाऊ, ज्याचं सैन्य अटकेपर्यंत जाऊन आलेलं. आणि पेशवा झाला सोळा वर्षांचा पुतण्या. भावाकडून भावाकडे जाणारा रिवाज असता तर दादांना कोणी अडवलं नसतं. तसा रिवाज नव्हता, आणि माधवराव लहान वयातही असामान्य निघाला. १७७२ मध्ये तो गेल्यावर पुन्हा दादांना ओलांडून वस्त्रं सतरा-अठरा वर्षांच्या नारायणरावाकडे गेली.

दादांची तक्रार पोकळ नव्हती, असं मला वाटतं. पण पुतण्याच्या खुनानंतर ती कोण ऐकणार? रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांना दोषी धरलं. इथे मान्यतेचा मुद्दा पुन्हा येतो. दादांच्या अंगावर वस्त्रं होती, रक्त पेशव्यांच्या भट घराण्याचंच होतं, पण कारभाऱ्यांनी पाठ फिरवली. मग १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करून बसले. सालबाईच्या तहाने १७८२ मध्ये त्यांना तनखा घेऊन स्वस्थ बसावं लागलं आणि पुढच्याच वर्षी कोपरगावला ते वारले. आनंदीबाई आणि मुलं पुढे काही काळ आनंदवल्लीला होती.

गंमत पुढेच आहे. १७९५ मध्ये सवाई माधवराव निपुत्रिक गेले. बाजीराव हा राघोबांचा थोरला मुलगा, पण नाना फडणिसांना तो नको होता. म्हणून धाकट्या चिमाजीआप्पाला सवाई माधवरावांची विधवा यशोदाबाई हिच्या मांडीवर दत्तक द्यायचं ठरलं. नातं बघा. चिमाजी हा नारायणरावाचा चुलतभाऊ, म्हणजे सवाई माधवरावांचा काका. काका पुतण्याचा मुलगा झाला! मे १७९६ मध्ये त्याला वस्त्रंही मिळाली. पण काही महिन्यांत राजकारण फिरलं, हे दत्तकविधान अशास्त्र ठरलं आणि डिसेंबरमध्ये दुसरा बाजीराव पेशवा झाला. मेमध्ये शास्त्राला जे चाललं ते डिसेंबरमध्ये चाललं नाही. शेवटी राघोबांचाच वंश गादीवर आला, आणि १८१८ मध्ये गादीच गेली.

छत्रपतींच्या दोन गाद्या कशा झाल्या?

थोडक्यात सांगायला अवघड आहे, पण बघू. शिवाजी महाराज १६८० मध्ये गेले तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. रायगडावर दहा वर्षांच्या राजारामाला बसवण्यात आलं. हंबीरराव मोहिते हे सोयराबाईंचे सख्खे भाऊ, राजारामाचे मामा, आणि सेनापती. ते भाच्याच्या बाजूने जातील असा हिशेब असणार. ते गेले संभाजीराजांकडे, आणि तिथेच निकाल लागला.

पुढे १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, शाहू लहानपणीच मोगलांच्या कैदेत गेला आणि राजाराम महाराजांनी राज्य चालवलं. १७०० मध्ये तेही गेले आणि ताराबाईंनी आपल्या चिमुकल्या मुलाला, शिवाजीला बसवलं. १७०७ मध्ये शाहू सुटून परत आला. आता हक्क कोणाचा? थोरल्या पातीचा शाहू, की ज्यांनी औरंगजेबाशी झुंजून राज्य टिकवलं त्या ताराबाईंच्या मुलाचा? ताराबाईंचं म्हणणं असं की थोरल्या महाराजांचं राज्य संभाजीराजांच्या काळात बुडालं, हे राजारामांनी नव्याने उभं केलं. युक्तिवाद कच्चा नव्हता. पण खेडच्या लढाईआधी सेनापती धनाजी जाधव शाहूंकडे वळले. जानेवारी १७०८ मध्ये शाहूंचा साताऱ्याला राज्याभिषेक झाला. धाकटी पाती कोल्हापूरकडे राहिली आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने दोन्ही गाद्यांची हद्द ठरली.

पांडवलेण्यात ‘गौतमीपुत्र’ असं आईचं नाव आहे. सातवाहनांत वारसा आईकडून होता का?

नाही. राज्य बापाकडून मुलाकडेच जायचं. आईच्या नावावरून राजा ओळखायची पद्धत होती, एवढंच. पण तीन नंबरच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख वारशाच्या दृष्टीने वाचाच. तो नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्यवर्ष १९ मधला आहे. म्हणजे मुलगा गौतमीपुत्र तोवर गेलेला, आणि म्हातारी आई त्याचे पराक्रम दगडात कोरून घेते. स्वतःचा उल्लेख ती महाराजाची आई आणि महाराजाची आजी असा करते. तीन पिढ्यांचा वारसा एका ओळीत. त्याच लेखात आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केल्याचंही ती ठणकावून सांगते.

ते क्षहरात म्हणजे नहपानाचं घराणं. नहपानाचा जावई उषवदात याचे लेख त्याच डोंगरात दहा नंबरच्या लेण्यात आहेत. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाच्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे. नहपानाचा चेहरा खाली, त्यावर नव्या राजाची खूण. गादी कोणाकडे गेली हे लोकांना कळवण्याचा याहून स्वस्त मार्ग तेव्हा नव्हता.

राज्याभिषेक होईपर्यंत राजा ‘खरा’ राजा नसतो का?

ब्रिटनपुरतं उत्तर सोपं आहे. आधीचा श्वास थांबला की पुढचा राजा. एलिझाबेथ ८ सप्टेंबर २०२२ ला गेल्या, चार्ल्स त्या क्षणापासून राजे. राज्याभिषेक मात्र ६ मे २०२३ ला. आठवा एडवर्ड १९३६ मध्ये जानेवारी ते डिसेंबर राजा होता आणि राज्याभिषेक न होताच पायउतार झाला.

शिवाजी महाराजांची गोष्ट निराळी. ६ जून १६७४ च्या आधीही राज्य त्यांचंच होतं, पण बापाकडून आलेली गादी नव्हती. नव्याने सार्वभौमत्व जाहीर करायचं तर अभिषेक, छत्र आणि शक हवाच. वारशाने न मिळालेल्या राज्याला विधीची गरज जास्त असते.

राजाला राजीनामा देता येतो?

काही देशांत. डेन्मार्कच्या मार्गारेट यांनी १४ जानेवारी २०२४ ला पद सोडलं. जपानचे अकिहितो २०१९ मध्ये पायउतार झाले, पण कायद्यात तशी तरतूदच नसल्याने त्यांच्यापुरता वेगळा कायदा करावा लागला.

भारतात आज ‘महाराज’ कोण, हे कोण ठरवतं?

सरकार ठरवत नाही. स्वातंत्र्यानंतर काही वर्षं ठरवत होतं. राष्ट्रपतींनी मान्यता दिली तोच ‘शासक’. १९५१ मध्ये भारत सरकारने बडोद्याच्या प्रतापसिंहरावांची मान्यता काढून त्यांच्या मुलाला दिली होती, म्हणजे ७६ वर्षांनी बडोद्यात पुन्हा तेच. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने मान्यता आणि तनखे दोन्ही संपवले. आपल्या जिल्ह्यातलं सुरगाणा असो की ग्वाल्हेर, कायद्यापुढे आता सगळे सारखे.

मग घराण्यांमध्ये आजही पगडी बांधली जाते ती कशाची? कुटुंबप्रमुखपदाची. वाडे, जमिनी, देवस्थानं यांचे वाद दिवाणी न्यायालयात जातात. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिराच्या व्यवस्थेवर त्रावणकोर घराण्याचा हक्क कायम असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. राज्य गेलं, राजाची मान्यता गेली, पण देवाच्या सेवेचा वारसा उरला.

लोकांना या विषयाचं एवढं आकर्षण का?

दागिने, घोडे, वाडे हे वरवरचं. मला विचाराल तर हे आपल्या घरातलंच भांडण आहे, फक्त मोठ्या अक्षरात छापलेलं. तलाठ्याकडे वारस नोंद करताना कोणाचं नाव लावायचं, बहिणींनी हक्कसोड लिहून द्यायची की नाही, काकाने इतकी वर्षं कसलेली जमीन पुतण्याच्या नावावर कशी झाली, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना राघोबादादा समजावून सांगावे लागत नाहीत. ऐकणारे बाजूही तशाच घेतात. घरातले धाकटे भाऊ राघोबांची कड घेतात, लहान वयात वडील गेलेले माधवरावांची. बायका मात्र बहुतेकदा जमनाबाईंबद्दल विचारतात. मुलगी झाली म्हणून गादी गेली, आणि पाच वर्षांत त्याच बाईने गादीवर कोणी बसायचं ते ठरवलं.

आणखी एक कारण आहे. निवडणुकीत निकाल लागेपर्यंत काही सांगता येत नाही. वारशात उलट, पुढचं नाव सगळ्यांना माहीत असतं आणि तरी ऐनवेळी भलतंच घडतं.

तोतया म्हणजे काय भानगड?

वारस मेल्याची खात्री नसली की तोतये उगवतात. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा, म्हणजे सदाशिवरावभाऊंचा, मृतदेह ओळखण्यावरून संशय राहिला आणि ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक इसम निघाला. त्याच्यामागे लोक जमले, किल्ले त्याच्या हाती गेले, शेवटी १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. ताराबाईंनी तर ज्या रामराजाला आपला नातू म्हणून पुढे आणलं, साताऱ्याच्या गादीवर बसवलं, तोच मनासारखा वागेना तेव्हा हा आपला नातूच नव्हे असं जाहीर केलं.

आमच्या घराण्याची वंशावळ शोधायची आहे. नाशिकमध्ये सोय आहे का?

आहे, आणि त्यासाठी राजघराण्यातलं असावं लागत नाही. पंचवटीत रामकुंडाच्या परिसरातले आणि त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या नामावळीच्या वह्या सांभाळत आले आहेत. तुमच्या घरातलं कोणी अस्थी विसर्जनाला, श्राद्धाला किंवा सिंहस्थाला आलं असेल तर त्याचं नाव, बापाचं, भावांचं, मुलांचं नाव त्यात असण्याची शक्यता आहे. जाताना मूळ गाव, आडनाव आणि जमेल तितक्या मागच्या पुरुषांची नावं घेऊन जा. सध्याचं राहण्याचं ठिकाण सांगून उपयोग नाही, वह्या मूळ गावावरून लागतात. आपले उपाध्ये कोण हे घरातल्या म्हाताऱ्यांना बहुधा माहीत असतं. जुन्या नोंदी मोडीत असतात, त्या उपाध्येच वाचून दाखवतात. दक्षिणा द्यावी, आणि निघण्यापूर्वी तुमच्या पिढीची नावं वहीत लिहून यावीत. मुलींची नावं लिहायला कोणी आडकाठी करत नाही, पण त्यासाठी बहुतेक वेळा तुम्हालाच आठवण करून द्यावी लागते.